हॉटेल, कॅफे, परमिट रूम सुरू करताय? धूम्रपानबंदीत मालकाने काय करायचं आणि मालकाचा हक्क कुठपर्यंत चालतो

नवीन हॉटेल टाकताना फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, महापालिकेचा परवाना, फायर एनओसी ही यादी कुणीही तोंडपाठ सांगतं. धूम्रपानाचं विचारलं की मात्र उत्तर एकच, "एक बोर्ड लाव रे, बास." आम्ही आमचं छोटं फॅमिली रेस्टॉरंट सुरू केलं तेव्हा हेच ऐकलं होतं. नंतर कायदा आणि नियम स्वतः काढून वाचले, दोन तपासण्या बघितल्या, तेव्हा लक्षात आलं की बोर्ड हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी गोची ॲशट्रे, गच्ची, हुक्का आणि "स्मोकिंग झोन" नावाच्या काचेच्या कोपऱ्यात असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात धंदा असेल तर तिथले बदल वेगळे बघा.

१. कायदा कुठला ते आधी समजून घ्या

मूळ कायदा २००३ चा. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने कायदा, सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. त्यातलं कलम ४ म्हणजे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद. पण मालकाने रोज नेमकं काय करायचं ते कायद्यात नाही, ते २००८ च्या नियमांत आहे, जे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. वर महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्क्यासाठी वेगळी दुरुस्ती केली, आणि २०१९ मध्ये केंद्राचा ई-सिगारेटबंदीचा कायदा आला. म्हणजे एकूण चार कागद. चारही इंटरनेटवर फुकट मिळतात, एखाद्या रविवारी दुपारी वाचून होतील एवढेच आहेत.

इथे पहिला सापळा. व्हॉट्सॲपवर "आता हॉटेलात सिगारेट ओढली तर १००० रुपये दंड, वय २१" असे मेसेज फिरतात. तो बदल कर्नाटकने त्यांच्या राज्यापुरता केलाय. आपल्याकडे कलम ४ मोडलं तर दंड २०० रुपयांपर्यंत, आणि तंबाखू विक्रीसाठी वयाची अट १८.

२. "माझी जागा, माझे नियम" हा वाद घालू नका, तो निकालात निघालाय

नवीन मालकांच्या डोक्यात हे असतंच, भाडं मी भरतो, लायसन्स माझं, मग कुणाला ओढू द्यायचं ते मी ठरवणार. राज्यघटनेत धंदा करायचा हक्क आहे, खरंय, पण त्याच कलम १९ मध्ये लोकहितासाठी वाजवी बंधनं घालायची सोयही आहे, आणि धूम्रपानबंदी तिथेच बसते. मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते, त्यावर २००१ मध्ये कोर्टाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालायला सांगितलं. पुढे २००८ च्या नियमांना हॉटेलवाल्यांकडून आणि सिगारेट कंपनीकडून आव्हान दिलं गेलं, तेव्हा कोर्टाने स्थगिती द्यायला नकार दिला. एवढ्या मोठ्या लोकांना जे जमलं नाही ते तुम्ही-आम्ही गल्ल्यावर बसून इन्स्पेक्टरशी हुज्जत घालून मिळवणार नाही.

आणि "आमचं रेस्टॉरंट नाही हो, कॅफे आहे" ही पळवाटही नाही. नियमांत रेस्टॉरंट म्हणजे बार, पब, कॉफी हाऊस, कँटीन, बँक्वेट हॉल, डिस्कोथेक सगळं धरलंय. परमिट रूम आली, लग्नाचा हॉल आला.

गच्चीवाल्यांसाठी खास. कायद्यात 'मोकळी जागा' सार्वजनिक ठिकाणातून वगळलीय हे वाचून बरेच जण खूश होतात. पण गच्चीवर टेबलं मांडली, मेनू कार्ड दिलं, वेटर ऑर्डर घेतोय, म्हणजे ते तुमचं रेस्टॉरंटच झालं की, वर छप्पर नसेना का. शिवाय नियमांत खुलं सभागृह, स्टेडियम, बसस्टँड अशी लोकांच्या वर्दळीची ठिकाणं मोकळ्या जागेतून परत बाहेर काढलीयत. माझं स्पष्ट मत, जिथे तुमची सर्व्हिस पोचते तिथे ओढायला बंदी धरून चाला. वाद कोर्टात जिंकाल की हराल ते नंतरचं, तोवर वकिलाची फी चालू.

३. बोर्ड लावा, पण मापात

झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर प्रिंट काढून सेलोटेपने चिकटवलेला बोर्ड चालत नाही. नियमात माप दिलंय:

- बोर्ड किमान ६० सेंमी बाय ३० सेंमी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर
- त्यात किमान १५ सेंमी व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंमी रुंद
- मध्ये धूर निघणारी सिगारेट किंवा बिडी, आणि तिच्यावरून तेवढ्याच रुंदीचा लाल पट्टा
- खाली मजकूर, म्हणजे हे धूम्रपान निषिद्ध क्षेत्र आहे आणि इथे धूम्रपान करणं गुन्हा आहे या अर्थाचा, इंग्रजीत किंवा एका भारतीय भाषेत. मराठीत करा, गिऱ्हाईकाला आणि स्टाफला दोघांनाही कळतं.

कुठे लावायचा? प्रत्येक प्रवेशद्वारावर. प्रत्येक म्हणजे पार्किंगकडून येणारा मागचा दरवाजाही. आत दिसेल अशा जागी. एकापेक्षा जास्त मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दारापाशीसुद्धा. इंटिरियर डिझायनर नाक मुरडतो, "सर, थीम बिघडते." त्याला सांगा की थीमप्रमाणे फ्रेम बनव, पण माप आणि रंग बदलायचे नाहीत. काळ्या भिंतीवर सोनेरी अक्षरात बारीकसं लिहिलेलं बघितलंय मी एका ठिकाणी, दिसायला झकास, पण नियमात बसणारं त्यात काहीच नव्हतं.

४. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव लावा

हे जवळपास सगळे विसरतात. कुणी ओढताना दिसलं तर गिऱ्हाईकाने तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव ठळक दिसेल असं लावणं मालकावर बंधनकारक आहे. सोबत मोबाईल नंबर टाकलात तर उत्तम.

यातला सापळा म्हणजे हॉटेल लाईनमध्ये माणसं टिकत नाहीत. बोर्डावर ज्या मॅनेजरचं नाव आहे तो दिवाळीलाच सोडून गेलेला असतो आणि नवीन मॅनेजरला बोर्डावर काय लिहिलंय तेच माहीत नसतं. म्हणून नावाची जागा पुसून लिहिता येईल अशी ठेवा किंवा सरळ स्वतःचं नाव टाका. मी स्वतःचंच टाकलंय.

५. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर, सगळं बाहेर काढा

नियम असा की धूम्रपानाला मदत होईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी पुरवायची नाही. टेबलावरचा ॲशट्रे हा तर सरळ पुरावा. पण नुसत्या ॲशट्रेवर थांबू नका. मागितल्यावर वेटर बशीत पाणी घालून देतो, ती बशीही तेच काम करते. गल्ल्याला सुतळीने बांधलेला लायटर असतो, तोही सोडवा. मेणबत्तीवाली टेबलं असतील तर काडेपेटी कॅप्टनच्या (म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या) खिशात राहू दे, टेबलावर नको.

कंपन्यांचे सेल्समन फुकट ॲशट्रे, घड्याळ, छत्र्या, लाईटचे बोर्ड द्यायला येतात, त्यावर ब्रँडचं नाव. फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. तंबाखूची जाहिरात कलम ५ खाली बंद आहे आणि तिथली शिक्षा २०० रुपयांवर भागणारी नाही, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्टाफलाही हेच लागू. किचनच्या मागचा बोळ, स्टोअर रूम, भांडी घासायची मोरी, ही कामाची जागा आहे आणि कामाची जागासुद्धा कायद्यात सार्वजनिक ठिकाणच. आचारी लोकांना सिगारेट सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाईन फुकट आहे, नंबर किचनमध्ये लावून ठेवा, कुणी वापरला तर वापरला.

६. गिऱ्हाईक ऐकत नसेल तेव्हा

मालकाची सगळ्यात मोठी जबाबदारी आणि सगळ्यात मोठं संरक्षण, दोन्ही इथेच आहे, म्हणून हे नीट वाचा. एखाद्याने ओढली म्हणून आपोआप मालक दोषी ठरतो असं नाही. पण कुणी तक्रार केली आणि तुम्ही काहीच केलं नाहीत, तर मात्र जितक्या जणांनी नियम मोडला तितक्या पट दंड तुमच्यावर येतो. एका टेबलावर पाच जण ओढत होते तर पाचही तुमच्या खात्यात.

म्हणजे तुम्ही काही केलंत हे दिसलं पाहिजे. आमच्याकडे पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी वेटर सांगतो. वेटरचं कुणी ऐकत नाही हे आम्हालाही माहीत आहे, "अरे शेवटचे दोन झुरके राहिलेत," असं उत्तर येतं, तरी त्याने सांगायचंच. मग कॅप्टन जातो आणि तो कधीच "बंद करा" म्हणत नाही, तो म्हणतो, "साहेब, आवाराबाहेर उभे राहा ना दोन मिनिटं, तोवर तुमचं स्टार्टर मी गरम ठेवतो." दहातले नऊ जण या वाक्यावर उठतात, कारण चार मित्रांसमोर त्यांचा मान राहतो. उरलेला एक म्हणजे मालकाची पाळी. तेव्हा आवाज न चढवता सांगायचं की सर्व्हिस थांबवतोय, बिल करतोय. हा हक्क तुम्हाला नक्की आहे. नियम मोडणाऱ्याला सर्व्हिस नाकारता येते, जागा सोडायला सांगता येते. हात लावायचा नाही, हातातली सिगारेट ओढून घ्यायची नाही, मोबाईलवर तोंडासमोर शूटिंग करून प्रकरण पेटवायचं नाही. फारच दंगा झाला तर ११२.

आणि मग वहीत नोंद. तारीख, वेळ, टेबल नंबर, कुणी सांगितलं, काय झालं. दोन ओळी पुरतात. ही वही महिनाभर कोरी दिसली तरी तपासणीवाल्याला शंका येते, तेव्हा खोट्या नोंदी भरू नका पण खऱ्या टाळूही नका.

अजून एक, "येथे धूम्रपान केल्यास ५०० रुपये दंड आकारला जाईल" असे घरगुती बोर्ड लावून स्वतः वसुली करू नका. कायद्यातला दंड २०० पर्यंत आणि तो अधिकार दिलेल्या माणसानेच पावती देऊन घ्यायचा असतो. बिलात 'स्मोकिंग चार्ज' टाकणारे महाभागही आहेत. तो कागद उद्या तुमच्याच विरुद्ध जाईल, कारण पैसे घेऊन ओढू दिलं असाच त्याचा अर्थ निघतो.

७. स्मोकिंग रूम हवीच असेल तर

आता हक्काची गोष्ट. कायदा मालकाला एक मोकळीक देतो. ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट असेल, किंवा ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल असेल, तर वेगळी स्मोकिंग जागा करता येते. करता येते, करायलाच हवी असं नाही. गिऱ्हाईक "तुमच्याकडे स्मोकिंग झोन असायलाच पाहिजे, कायदा आहे" म्हणाला तर हसून सोडून द्या.

आसनं २८ असतील तर मोकळीक नाही. बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून ३२ दाखवायचा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईलच. महापालिकेकडे आणि फायरला दिलेल्या नकाशात जेवढी आसनं तेवढीच सांगा, दोन कागदांवर दोन आकडे निघाले की धूम्रपान बाजूला राहतं आणि भलतीच चौकशी लागते.

जागा कशी हवी ते पण नियमात आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत पूर्ण भिंती, आपोआप बंद होणारं आणि एरवी बंदच राहणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी व्यवस्था, आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं की हवा आत ओढली जाईल, धूर बाहेर येणार नाही. सेंट्रल एसीचा डक्ट या खोलीतून फिरून बाकी हॉलमध्ये जात असेल तर सगळं फुकट. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे. तो तुमच्या तोंडावर आला तर एक्झॉस्ट वाढवा.

जागा प्रवेशद्वारापाशी किंवा बाहेर जायच्या दारापाशी करायची नाही. दारावर 'धूम्रपान क्षेत्र' असं इंग्रजीत आणि एका भारतीय भाषेत, शिवाय आरोग्याचा इशारा आणि १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही हा बोर्ड.

आणि मुख्य म्हणजे, त्या खोलीत कुठलीही सर्व्हिस द्यायची नाही. खाणं नाही, दारू नाही, चहा नाही. इथेच सगळा हिशोब फसतो. लोकांना वाटतं स्मोकिंग रूम म्हणजे बसून पेग आणि सिगारेट, टेबलं वाढतील, धंदा वाढेल. तसं काही नाही. ती उभं राहून ओढायची आणि परत यायची खोली आहे. म्हणजे जागेचं भाडं तुमचं, एक्झॉस्टचं वीजबिल तुमचं, आणि तिथून कमाई शून्य. छोट्या हॉटेलवाल्याने या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. रेस्टॉरंटभोवतीच्या मोकळ्या जागेच्याही बाहेर (नियमांत तीही रेस्टॉरंटमध्येच धरलीय) माणूस उभा राहिला तर तुमचं काम झालं.

लॉजिंगवाल्यांनी एवढं बघा की स्मोकिंगच्या खोल्या विखरून देता येत नाहीत, एकाच मजल्यावर किंवा एकाच विंगमध्ये सलग हव्यात, दारावर तसं लिहिलेलं हवं, आणि धूर लॉबी-पॅसेजमध्ये येता कामा नये.

८. हुक्का आणि व्हेप: इथे गंमत नाही

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली, १४ जीव गेले, आणि तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांवर बोट ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदीची दुरुस्ती आणली. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते १ लाख दंड. सिगारेटच्या २०० रुपयांशी तुलना करून बघा.

"पण आमचा हर्बल आहे, तंबाखू नाही." हे वाक्य सप्लायर शिकवून जातो. बिगरतंबाखू हुक्क्यावरून कोर्टात लढाया झाल्यात हे खरं, पण २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने साफ सांगितलं की खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का देणं येत नाही. म्हणजे तंबाखू असो नसो, फॅमिली रेस्टॉरंटमध्ये निखारे फिरवायची परवानगी तुमच्याकडे नाहीच. सप्लायर माल टाकून निघून जातो, सील तुमच्या दाराला लागतं.

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, तर विकणंही बंद आणि साठा ठेवणंही बंद. मित्राचा बॉक्स "जरा ठेव रे तुझ्या स्टोअरमध्ये" म्हणून ठेवून घेऊ नका.

९. काउंटरवर सिगारेट विकत असाल तर

थोडक्यात सांगतो. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. १८ खालच्याला विक्री नाही, तसा बोर्ड हवा, आणि शंका आली तर वयाचा पुरावा मागा. कोटपात याला दंड छोटा आहे म्हणून निवांत राहू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. कॉलेजच्या पोरांची गर्दी असलेल्या कॅफेवाल्यांनी हे दोनदा वाचा. सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि गुटखा तर २०१२ पासूनच बंद आहे. खरं सांगू, सिगारेटवर सुटतं तरी किती? आम्ही ठेवतच नाही.

१०. तपासणीला आले तर

आधी फाइल तयार ठेवा, गल्ल्याखाली, कुलपात नाही:

- फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, महापालिकेचा परवाना यांच्या प्रती
- आसनांचा आकडा दिसणारा मंजूर नकाशा
- बोर्डांचे फोटो, तारखेसह, आणि बोर्ड बनवल्याचं बिल
- तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाच्या नेमणुकीचं साधं पत्र
- स्टाफला सूचना दिल्याचा कागद, सगळ्यांच्या सह्या
- ती नोंदवही
- स्मोकिंग रूम असेल तर फायरचा कागद आणि एक्झॉस्टच्या देखभालीची बिलं

पोलीस, अन्न व औषध प्रशासन, राजपत्रित अधिकारी अशा बऱ्याच जणांना कारवाईचा अधिकार आहे, त्यामुळे "तुम्ही कोण विचारणारे" असं सुरू करू नका. पण ओळखपत्र बघायचा हक्क तुम्हाला आहे, बघा, नाव-पद-वेळ वहीत लिहा. कोण ओढत होतं, कुठे, आणि नेमका कुठला नियम मोडला ते विचारा. कलम ४ च्या गुन्ह्यात जागेवर तडजोड शुल्क भरून विषय मिटतो, ते २०० च्या वर नाही, आणि भरलं की त्या प्रकरणात पुढे कारवाई होत नाही. म्हणूनच पावती महत्त्वाची. पावती नसेल तर पैसे भरल्याचा पुरावा नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच साहेब परत.

चूक तुमची नसेल, म्हणजे तुम्ही सांगूनही गिऱ्हाईकाने ओढली असेल, तर वही दाखवा आणि गिऱ्हाईकाचा दंड गिऱ्हाईकालाच भरू द्या. रोजचं गिऱ्हाईक आहे म्हणून मालक स्वतःच्या खिशातून दोनशे काढून देतो, हे खूप ठिकाणी चालतं. एकदा दिलेत की ते टेबल दर शनिवारी तुमच्याच जिवावर ओढणार. पटत नसेल तर न भरता प्रकरण न्यायालयात जाऊ द्यायचा मार्गही खुला आहे, तिथे तुमची बाजू मांडता येते, फक्त त्याआधी वकिलाला फाइल दाखवा. आणि नियमाबद्दलच शंका असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षात जाऊन विचारा, तपासणीला येण्याआधी गेलात तर ते लोक बोर्डाचा नमुनासुद्धा देतात.